भर दुपारचे दिवे

“भर दुपारी बारा वाजता गाडीचे दिवे कोण लावतं?” भोपू खिडकीतून ओरडला.

भोपू साधं बोलला तरी ओरडल्यासारखंच वाटायचं, म्हणून तर त्याला भोपू म्हणत. त्याच्या धाकट्या बहिणीनं मानसुद्धा वर केली नाही. ती जमिनीवर बसून बुटाची नाडी ओढत होती. इतक्या जोरात ओढत होती की शेवटी नाडी तुटली. तिला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत, आणि का म्हणत ते त्या नाडीला विचारावं.

“मला कुठल्याही गाडीबद्दल काहीही सांगू नकोस!” ती म्हणाली.

“अगं, पण ही तीच गाडी आहे! आजीच्या केंद्राची!”

तीच गाडी! ठिणगीनं तुटलेली नाडी भिंतीवर भिरकावली.

ही गाडी म्हणजे ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राची पांढरी व्हॅन. दोन महिन्यांपूर्वी तिचं सगळं वायरिंग मामानं नवं केलं होतं. मामा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. एकाच वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं! आणि मंगळवारी काय झालं, तर नऊ आजी-आजोबा व्हॅनमध्ये बसलेले असताना मागच्या बाजूनं भसाभसा धूर निघाला. मागचं दार अडकलं. सगळे खोकत, एकमेकांना धरत बाजूच्या दारानं कसेबसे उतरले. निवृत्त पोस्टमन असलेल्या आजोबांचा पाय मुरगळला. आजीचा घसा दोन दिवस बसला होता.

वर्कशॉपच्या सुपरवायझरनं तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत हात झटकले. “वायरिंग कोणी केलं होतं? त्याला विचारा!” म्हणाला. झालं! संध्याकाळी वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी मामाला सगळ्यांसमोर कामावरून काढून टाकलं. कुणी गाडी उघडून पाहिली? कुणी वीज मोजायचा मीटर लावला? छे! मोठ्या माणसांना दोषी शोधायला पाच मिनिटं पुरतात. दोष शोधायला मात्र त्यांना वेळ नसतो. ठिणगीला राग आला होता तो याचाच, आणि खरं सांगायचं तर कुणालाही यावा.

“मी मोजलं,” खिडकीच्या कठड्याला लोंबकळत शेपूट म्हणाली. शेपूट म्हणजे मामाची सहा वर्षांची मुलगी. हे दोघं जातील तिथं ती मागे असायचीच. सुट्टीत तिला शंभरपर्यंत मोजता यायला लागलं होतं आणि तेव्हापासून ती दिसेल ते मोजत होती. “चार पंखे आहेत. दिवे लागले की पंखे उठतात. दिवे गेले की पंखे झोपतात.”

“कुठले पंखे?” ठिणगीनं पहिल्यांदाच मान वर केली.

व्हॅन समोरच्या दुकानापाशी थांबली होती. इंजिन घरघरत होतं. ड्रायव्हरकाका उतरता उतरता वाकले, मागचे लाल दिवे विझले आणि काचेतून दिसणारे चार छोटे पंखे हळूहळू थांबले. काका पाण्याची बाटली घेऊन परत आले. दिवे लागले. पंखे फिरायला लागले!

ठिणगी उठून उभी राहिली. “मामानं त्या गाडीत पंखे बसवलेच नव्हते!”

मामा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोर फ्यूजचा पत्र्याचा डबा. तो लाल फ्यूज लालमध्ये, निळे निळ्यांत आणि हिरवे हिरव्यांत ठेवत होता. गंमत म्हणजे ते आधीपासून तसेच ठेवलेले होते. त्याचा मीटर पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून कपाटावर टाकलेला. मामाचा मीटर कपाटावर! हे काही ठिणगीला बघवेना.

“मामा, तू व्हॅनमध्ये पंखे बसवले होतेस?”

“पंखे? नाही.”

“मग आत्ता आहेत. दिवे लावल्याशिवाय चालत नाहीत.”

मामाचा हात डब्यातच थांबला. “दिव्यांच्या वायरीला जोडले असतील कुणी,” तो सावकाश म्हणाला. “मागच्या दिव्यांची वायर मागेच जाते ना. नवी वायर ओढायचा कंटाळा असला की माणूस जवळची धरतो.”

“आणि तसं केलं की?”

“तुम्हाला शिकवलंय मी. सांगा.”

भोपूनं घडाघडा सांगायला सुरुवात केली, “बॅटरीतून वीज निघते, वायरीतून दिव्यापर्यंत जाते. परत यायला दुसरी वायर लागत नाही. गाडीचं लोखंडी अंगच तिला बॅटरीपर्यंत आणून सोडतं. बारीक वायरीतून जास्त वीज ओढली की वायर तापते. म्हणून वाटेत फ्यूज. फ्यूजमधली पट्टी वायरीपेक्षा नाजूक असते, तीच आधी वितळते. लाल फ्यूज दहा अँपिअरचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा!”

“अरे, हळू बोल! खालच्या मजल्यावरचे शिकतायत,” ठिणगी म्हणाली. मग तिनं डब्यातला लाल फ्यूज उचलला. “मामा, दिव्यांना तू कुठला फ्यूज घातला होतास?”

“लाल. झाकणाच्या आत चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती. प्रत्येक गाडीत चिकटवतो. कुठला फ्यूज, किती अँपिअर, मोजले तेव्हा किती भरले, सगळं.”

“मग मंगळवारी वायर जळेपर्यंत लाल फ्यूज काय करत होता? तो आधी का नाही वितळला?”

“तेच तर तीन दिवस मला कळत नाहीये.” मामा डब्याचं झाकण लावत म्हणाला, “माझाच एखादा जोड सैल राहिला असेल, ठिणगे. इतकी माणसं म्हणतात, म्हणजे असेल.”

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली! मामाचे जोड म्हणजे काय, हे तिनं पाहिलं होतं. तारा सोल्डरनं डागायच्या, वर नळी चढवायची आणि मेणाच्या दोऱ्यानं तीन गाठी. तिन्हीच, कधी दोन नाहीत. असा माणूस म्हणतो, ‘असेल’!

“असेल? आम्हाला शिकवताना तूच म्हणतोस ना, आधी मोजायचं, मग बोलायचं? मग तू मोजलंस का? नाही! नुसता बसलायस! जा ना तिथे, भांड!”

“आवारात पाय ठेवू नको म्हणालेत मालकीणबाई. फोन केला, तर ऑफिसातला फोन सुपरवायझरच उचलतो. मॅडम कामात आहेत म्हणतो आणि ठेवून देतो.” मामानं डोळे चोळले. “उद्या सकाळी नऊला गाडी परत निघतेय. डोळ्यांच्या दवाखान्यात. दीड तासाचा रस्ता. तुमची आजी पण आहे त्यात.”

शेपटीनं हळूच आपल्या बाबांची बाही धरली.

“आवारात पाय तुला ठेवायचा नाहीये,” ठिणगी म्हणाली. “आमच्या पायांबद्दल कुणी काही बोललेलं नाही.”

दुपारी तीन वाजता तिघंही बादली आणि फडकी घेऊन वर्कशॉपच्या फाटकात उभी होती. आवारात तेलाचा आणि तापलेल्या रबराचा वास सुटला होता. व्हॅन कोपऱ्यात पत्र्याच्या सावलीत होती.

“आजीनं पाठवलंय!” भोपूनं सांगितलं. “उद्या सगळे त्यात बसणार, सीटवर अजून काजळी आहे म्हणे. पुसून घेतो!”

आजीनं खरंच पाठवलं होतं. ठिणगीनं तिला तसं म्हणायला लावलं होतं, एवढंच.

सुपरवायझर टायरवर बसून चहा पीत होता. पोट पुढे, केस तेल लावून चापून बसवलेले, शर्टाचा खिसा सटरफटर सामानानं फुगलेला. त्याला वर्कशॉपमध्ये सगळे पाठीमागे ‘होऊनजाईल’ म्हणत. ब्रेक लागत नाही? होऊन जाईल! दार अडकतंय? होऊन जाईल! त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही म्हटलं असेल तर ते कुणी ऐकलेलं नव्हतं.

“पुसा, पुसा!” तो म्हणाला. “तेवढंच होऊन जाईल!”

ड्रायव्हरकाकांनी दार उघडून दिलं. भले माणूस होते. “उकडलं तर पंखे लावा हं,” ते म्हणाले. “पण आधी दिव्यांचं बटण दाबायचं, मग पंखे चालतात.”

“असं का हो, काका?”

“सुपरवायझरसाहेबांनी तसेच बसवलेत गेल्या आठवड्यात. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, वायर वाचली.” काका हसले आणि चहाला गेले. बघा! गाडी रोज चालवणारा माणूस, त्याला हे विचित्र वाटलं, आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं. भला माणूस असून काय उपयोग?

भोपू मागे सीट पुसायला लागला, शेपूट राखणीला दारात बसली, आणि ठिणगी ड्रायव्हरच्या सीटसमोर आडवी झाली. ड्रायव्हरचे गुडघे येतात तिथं, डॅशबोर्डच्या खाली फ्यूजची पेटी होती. तिनं झाकण ओढलं. आतल्या बाजूला मामाची चिठ्ठी नव्हती! नुसता डिंकाचा पिवळट चौकोन आणि कोपऱ्यात कागदाचा फाटका तुकडा. तुकड्यावर मामाच्या बारीक अक्षरात ‘लाल’ एवढंच उरलं होतं.

दिव्यांच्या जागी, जिथं प्लास्टिकवर दहाचा आकडा कोरला होता, तिथं बसला होता हिरवा फ्यूज.

“भोपू!” ती दबक्या आवाजात म्हणाली. “हिरवा! तिसाचा!”

“इकडे ये,” भोपू म्हणाला. तोसुद्धा दबक्या आवाजात! म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यानं मागच्या दाराजवळचं पत्र्याचं झाकण ढिलं केलं होतं. आत दिव्यांच्या बारीक वायरीला पंख्यांची वायर नुसती पिळून लावली होती, वर खोकी चिकटवायची खाकी पट्टी गुंडाळलेली. ना डाग, ना नळी, ना गाठ. आजूबाजूचा पत्रा काळा झालेला. जळलेला तुकडा कापून त्या जागी नवा तुकडा तसाच पिळून टाकला होता.

“पंख्यावर लिहिलंय, बारा व्होल्ट, छत्तीस वॅट,” भोपू बोटांवर हिशेब करत म्हणाला. “छत्तीस भागिले बारा, तीन अँपिअर. चार पंखे, बारा. दिव्यांचे पाच बल्ब, प्रत्येकी पाच वॅट, ते झाले दोन. एकूण चौदा! दहाच्या फ्यूजमधून चौदा!”

“म्हणून लाल फ्यूज जात असणार. तो ओरडून सांगत होता की भार जास्त आहे. आणि याने त्याला काढून हिरवा घातला! तीसपर्यंत हिरवा हूं की चूं करणार नाही. तोवर वायर जळून जाईल!”

त्यांनी दिवे लावले, पंखे लावले. पाच मिनिटांनी ठिणगीनं वायरीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गरम चहाच्या कपासारखी वायर! आणि उद्या ही दीड तास चालणार. आत आजी.

ठिणगीला आता थांबवणं कुणाला शक्य होतं? ती तडक होऊनजाईलसमोर जाऊन उभी राहिली.

“दिव्यांना हिरवा फ्यूज तुम्ही घातला?”

त्यानं तिला वरून खाली न्याहाळलं. आसपास कुणी नाही असं पाहून तो हसला. “अगं पोरी, लाल वितळतो, हिरवा टिकतो. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा! तीन लाल गेले, चौथा हिरवा घातला, झालं काम. शाळेत शिकवत नाहीत काय हे?”

“शाळेत भागाकार शिकवतात! चौदा अँपिअर जातायत त्या वायरीतून! पुन्हा पेटेल ती!”

त्याचं हसू मावळलं. “मामानं पाठवलं का? चला, चालते व्हा!”

ठिणगी त्याच्या हाताखालून निसटली आणि थेट मालकीणबाईंच्या केबिनमध्ये घुसली. बाई फोनवर होत्या. एक हात फोनवर, दुसरा कागदांवर. “बाई, व्हॅनमध्ये हिरवा फ्यूज...”

“मॅडम, पोरं पाण्यानं खेळतायत गाडीत,” होऊनजाईल मागून म्हणाला. “शॉर्ट झालं तर पुन्हा आपल्या नावानं बोंब!”

बाईंनी फोनवर हात ठेवला. “सुट्टी आहे म्हणून वर्कशॉपमध्ये खेळायचं नाही. घरी जा बघू.” आणि त्या पुन्हा फोनवर बोलायला लागल्या. संपलं! एकदा मान वर करून त्यांनी ‘कुठला फ्यूज?’ एवढं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

संध्याकाळी तिघं जिन्यात बसली. ठिणगीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचंच होतं. “उद्या मी गाडीसमोर आडवी पडणार! इतकी ओरडणार, इतकी ओरडणार...”

“ओरडून काही होत नाही,” भोपू म्हणाला. “मी जन्मापासून ओरडतोय. कोण ऐकतं?”

शेपूट खुदकन हसली. ठिणगीलाही हसू आलं आणि त्याचा तिला आणखी राग आला.

“आपलं कुणी ऐकणार नाही,” भोपू पुढे म्हणाला. “पण लाल फ्यूजचं ऐकतील. तो सगळ्यांसमोर बोलला तर?”

ठिणगी गर्रकन त्याच्याकडे वळली. “म्हणजे हिरवा काढायचा आणि लाल बसवायचा?”

“हो! आपण काही बिघडवायचं नाही. जे मामानं बसवलं होतं तेच परत बसवायचं. दिवे आणि पंखे एकदम लागले की लाल जाणार. लगेच नाही जाणार, मामा म्हणतो, थोडाच भार जास्त असला तर मिनिटभर तग धरतो. पण जाणार! आणि गाडी उभी असतानाच जाणार.”

“मी मोजू?” शेपटीनं विचारलं.

“तूच मोजायचं!” ठिणगीनं तिला उचलून गरागरा फिरवलं. “आणि आजीला सांगायचं, पंखे लावल्याशिवाय पायरी चढू नकोस!”

सकाळी पावणेनऊला केंद्राच्या दारात नऊ आजी-आजोबा जमले होते. पोस्टमन आजोबा काठी टेकत आले होते. केंद्राच्या अध्यक्षाबाई कडक होत्या. त्यांनी मालकीणबाईंना निरोपच धाडला होता की स्वतः येऊन गाडी ठीक असल्याचं सांगा, नाहीतर आमचं एकही माणूस बसणार नाही. म्हणून मालकीणबाई आल्या होत्या, घड्याळाकडे बघत. होऊनजाईल मात्र स्वच्छ शर्ट घालून नवरदेवासारखा मिरवत होता.

“काका, मागचं चाक बसल्यासारखं दिसतंय!” भोपू अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

ड्रायव्हरकाका बघायला गेले. ठिणगी डॅशबोर्डखाली शिरली. झाकण. हिरवा. हिरवा हलेचना! तिनं दात-ओठ खाऊन ओढला, खटकन निघाला. मामाच्या डब्यातला लाल आत दाबला, झाकण लावलं आणि ती बाहेर येऊन बुटाची नाडी बांधायला लागली. नवी नाडी.

“चाक तर ठीक आहे की रे!” काका म्हणाले.

“मग माझेच डोळे तपासायला हवेत!” भोपू म्हणाला.

होऊनजाईल पुढे झाला. “मॅडम, अध्यक्षाबाई, सगळं नीट केलंय. आधीच्या माणसानं केलेली घाण आम्ही निस्तरली. बसा सगळे, उशीर नको.”

आधीच्या माणसानं केलेली घाण! ठिणगीच्या मुठी आवळल्या.

“मी नाही चढायची,” आजी ठणकावून म्हणाली. “आधी पंखे लावा!”

“पंखे? होऊन जाईल!” त्यानं आत वाकून दिवे लावले, पंखे लावले. चारही पंखे भर्रकन फिरायला लागले. “घ्या! झुळूझुळू वारा!”

“एक, दोन, तीन,” शेपूट मोजायला लागली.

वीस झाले. पंखे फिरत होते. तीस झाले. आजीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि चप्पल नीट करायला परत काढला. चाळीस. “आजी, बसा आता,” मालकीणबाई म्हणाल्या. ठिणगी बोटांवर हिशेब पुन्हा करायला लागली. भागाकार चुकला तर नसेल?

“सत्तावन्न, अठ्ठावन्न, नवपन्नास...”

“एकोणसाठ!” भोपू कुजबुजला, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

“ही काय मोजतेय?” अध्यक्षाबाईंनी विचारलं.

“पोरखेळ हो,” होऊनजाईल म्हणाला. “चला, चढा!”

“सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर, एक्काहत्तर...”

टक! अगदी बारीक आवाज झाला. पंखे मंदावले, थांबले. मागचे लाल दिवे विझले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग होऊनजाईलनं जे केलं ते तिघांनी स्वप्नातसुद्धा ठरवलं नव्हतं. त्याला विचार करायची गरजच पडली नाही, हाताला सवय होती ना! तो वाकला, झाकण उघडलं, जळका लाल फ्यूज काढून रस्त्यावर फेकला, शर्टाच्या फुगलेल्या खिशातून हिरवा काढला, दाबून बसवला. पंखे सुरू!

“बघा! होऊन गेलं!” तो हसत वळला.

“हात तसाच ठेवा!” ठिणगी किंचाळली. “त्या खिशात आणखी किती हिरवे आहेत? दाखवा सगळ्यांना!”

“ए पोरी!”

“नाही, आज मी गप्प बसणार नाही! काल बसले! बाई, तुम्ही काल मला घरी जा म्हणालात. आज ऐका! तो लाल फ्यूज उचला, आकडा वाचा. झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. आणि यांनी आता काय घातलं ते वाचा!”

मालकीणबाई लाल झाल्या, पण वाकल्या. वर्कशॉप वडिलांच्या हातचं, त्या लहानपणापासून त्यात वाढलेल्या. त्यांना फ्यूज शिकवायची गरज नव्हती. त्यांनी रस्त्यावरचा लाल फ्यूज उचलून पाहिला. मग पेटीत पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

“इथे दहा लिहिलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही तीस घातलात.”

“मॅडम, लाल टिकत नाही म्हणून...”

“पंखे कुणी बसवले?”

“मीच. जवळची वायर तीच होती, म्हटलं होऊन...”

“पुढचं म्हणू नका!”

भोपूनं मागचं पत्र्याचं झाकण काढलं. खाकी पट्टी दिसली, काळा पत्रा दिसला. मालकीणबाईंनी वायरीला बोट लावलं. “आई गं!” त्यांनी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच दिव्यांचं बटण बंद केलं. मामाच्या तीन गाठी असलेले बाकीचे जोड शेजारीच होते. स्वच्छ, थंड, एक इंच न हललेले.

“आणि चिठ्ठी?” त्यांनी विचारलं. “प्रत्येक गाडीत त्याची चिठ्ठी असते.”

होऊनजाईल जमिनीकडे बघत राहिला. “धूर झाल्यावर काढली,” तो पुटपुटला. “तिच्यावर दहा लिहिलं होतं. कुणी वाचलं असतं तर...”

म्हणजे त्याला माहीत होतं! चूक आपली हे माहीत असून तो चार दिवस मजेत चहा पीत होता. पोस्टमन आजोबांनी काठी आपटली. “माझा पाय गेला तरी चालेल रे! एका माणसाचं नाव घालवलंस तू! आणि आज परत आम्हाला त्यातच बसवत होतास?” सगळे एकदम बोलायला लागले. आजीचा दोन दिवस बसलेला घसासुद्धा त्या दिवशी चांगलाच मोकळा झाला. ती काय काय बोलली ते इथे न लिहिलेलं बरं.

मालकीणबाईंनी त्याच्याकडून वर्कशॉपच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि त्याला जायला सांगितलं. मग त्या ठिणगीकडे वळल्या. “शाबास गं! तिघांचीही कमाल आहे. एवढीशी पोरं, आणि...”

“मला शाबासकी नको,” ठिणगी म्हणाली. “मामाला तुम्ही सगळ्यांसमोर काढलंत. आता सगळ्यांसमोर बोलवा.”

मालकीणबाईंनी फोन काढला नाही. त्या चालत मामाच्या घरी गेल्या, दोन गल्ल्या, जिना चढून. पंधरा मिनिटांनी मामा त्यांच्याबरोबर आला तेव्हा त्याच्या गळ्यात मीटरची पिशवी होती.

“मी गाडी न बघता तुम्हाला दोषी ठरवलं,” मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. “चूक माझी. मला माफ करा आणि परत या.”

मामानं पिशवीची गाठ सोडली, दिवे-पंखे चालू करून मीटर लावला. “तेरा पॉइंट आठ अँपिअर,” तो म्हणाला.

“मी चौदा म्हटलं होतं!” भोपू ओरडला.

“शाबास! मीटरपाशी बस.” मग मामा मालकीणबाईंना म्हणाला, “येतो परत. पण एक आहे. माझी चिठ्ठी कुणी काढली तर गाडी आवाराबाहेर जायची नाही.”

“कबूल.”

दवाखान्याला फोन करून दुपारची वेळ मागून घेतली. मामानं पंख्यांसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली, तिला तिचा स्वतःचा पिवळा फ्यूज आणि स्वतंत्र बटण दिलं. दिव्यांना पुन्हा लाल. मागच्या दाराची कडीसुद्धा नीट केली. प्रत्येक जोडाला तीन गाठी. अध्यक्षाबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. “मुलांनो, आमच्या नऊ जणांचे जीव तुम्ही वाचवलेत,” त्या म्हणाल्या. “केंद्राच्या फळ्यावर तुमची नावं लिहिणार आहे मी.” पोस्टमन आजोबांनी काठी खांद्याला लावून तिघांना कडक सलाम ठोकला.

ठिणगी मात्र मामाला दोरा धरून देत होती आणि धुमसतच होती. शेवटी तिला राहवेना. “तुझा मला अजून राग आलाय. ते म्हणाले आणि तू खरं मानलंस. स्वतःच्या जोडावर विश्वास नाही ठेवलास.”

मामानं गाठ आवळली. “सगळे एका सुरात बोलले की आपलंच मोजमाप चुकलं असं वाटतं गं.” त्यानं उरलेला दोरा कापला. “आता नाही वाटणार.”

त्यानं खिशातून कोरा कागद काढून पेन तिच्या हातात दिलं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. दिवे, लाल, दहा. पंखे, पिवळा, वीस. सगळ्यात खाली तो म्हणाला, “‘तपासणी करणार’, आणि पुढे तुमची तिघांची नावं.” तिनं लिहिली. शेपटीनं आपलं स्वतः लिहिलं, त्यामुळे ते कागदाबाहेर गेलं.

“आता मोज,” मामानं शेपटीला सांगितलं आणि दिवे, पंखे सगळं एकदम लावलं.

शेपटीनं मोजायला सुरुवात केली. ‘एकोणसाठ’ तिनं बरोबर म्हटलं. एक्काहत्तरला सगळ्यांनी श्वास रोखला. काही झालं नाही. ऐंशी. नव्वद. शंभर!

“आता पुढे काय?” तिनं विचारलं. शंभराच्या पुढचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“आता पुढे गाडी निघते,” मामा म्हणाला. त्यानं दिव्यांचं बटण बंद केलं. पंखे फिरतच राहिले.

आजी सगळ्यांत आधी चढली, एका दमात. व्हॅन वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ठिणगी बघत होती. दुपारचे बारा वाजले होते आणि मागचे दिवे विझलेले होते.